जॅझ गायिका बिली हॉलिडेच्या न्यूयॉर्कमधल्या कार्नेगी हॉलच्या कार्यक्रमाचं 1948 सालचं पोस्टर विकत घेतोय. अस्सल आहे का, कसं ओळखू?

घेऊ नका. निदान ‘अस्सल’ म्हणून सांगितलेल्या भावाला तरी नको.

तुम्ही लिहिलंय की वर बिलीचा फोटो, खाली ‘शनिवार, 27 मार्च 1948’ आणि तळाशी बारीक अक्षरांत न्यूयॉर्कच्या छापखान्याचा पत्ता, त्यापुढे पाच आकडे. वार बरोबर आहे, दुसऱ्या दिवशी ईस्टर होता. घोळ त्या पाच आकड्यांत आहे. तो झिप कोड, म्हणजे आपल्या पिनकोडसारखाच. तो सुरू झाला 1963 साली. तोपर्यंत ‘न्यूयॉर्क 19’ असा नुसता विभागाचा आकडा लिहायचे. आणि बिली तर 1959 मध्येच गेली.

सालही मला खटकतं. एका रात्रीच्या कार्यक्रमाच्या पोस्टरवर बहुतेक वेळा वार आणि तारीख एवढंच असायचं. रस्त्यावर पोस्टर वाचणाऱ्याला साल ठाऊकच असतं की! साल लागतं ते पुढे पोस्टर विकणाऱ्याला.

आमच्या घरी ट्रेडलवर, म्हणजे पायाने चालवायच्या छपाईयंत्रावर, लग्नपत्रिका छापायचे, त्यामुळे पोस्टर हातात आलं की आधी मी ते तिरक्या उजेडात धरतो. छपाईच्या खिळ्यांनी, म्हणजे धातूच्या अक्षरांनी, किंवा लाकडी टाइपाने दाबून छापलेलं अक्षर कागदात किंचित रुतलेलं दिसतं. मग भिंग. फोटोत ठिपके दिसणारच, ते तेव्हाही असायचे. पण अक्षरंसुद्धा ठिपक्यांची बनलेली दिसली, तर कुणीतरी जुन्या पोस्टरचा फोटो काढून पुन्हा छापलंय असं समजा. शेवटी नोटा तपासायचा जांभळा दिवा. कागद पांढरा शुभ्र दिसावा म्हणून घालायची रसायनं 1950 नंतर सर्रास आली. 1948 चा म्हणवणारा कागद त्या दिव्याखाली निळसर चमकला तर गडबड आहे.

या रात्रीला एवढा भाव का, तर अमली पदार्थांच्या खटल्यात शिक्षा झालेली बिली 16 मार्चला वेस्ट व्हर्जिनियातल्या तुरुंगातून सुटली आणि अकरा दिवसांनी कार्नेगी हॉलमध्ये गायली. हॉल खचाखच भरला होता. शिक्षेमुळे तिचा कॅबरे परवाना गेला होता, म्हणजे न्यूयॉर्कमध्ये जिथे दारू मिळते अशा क्लबात गायला बंदी. मोठ्या सभागृहाला मात्र तो परवाना लागतच नव्हता! पोटापाण्याचे क्लब बंद, आणि सगळ्यात प्रतिष्ठेचा मंच खुला. हा कायदा कुणाच्या सुपीक डोक्यातून आला कोण जाणे.

विक्रेत्याकडे पोस्टरच्या मागच्या बाजूचा आणि कोपऱ्यांचा फोटो मागून बघा. अशी पोस्टरं दुसऱ्या दिवशी फाडून टाकायचीच असायची, त्यामुळे वाचलेल्यांवर टाचण्यांची भोकं, गोंद, डाग असं काहीतरी सापडतं. तुमचं मात्र कोरं करकरीत आहे म्हणता. भिंतीवर लावायला हवंच असेल तर नव्या प्रिंटचा भाव द्या, फ्रेमचे पैसे वेगळे.