घरच्या कामासाठी कमी खर्चात कॉम्प्युटर जुळवताना ग्राफिक्स कार्ड लागेल का?

ऑफिसचं काम, मुलांचा अभ्यास, सिनेमे एवढंच असेल तर नाही. ज्याच्या आतच ग्राफिक्स (स्क्रीनवर चित्र उमटवणारा भाग) आहे असा प्रोसेसर घ्या, उदाहरणार्थ एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६००जी. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असेल तर त्यात ग्राफिक्स नसतं. स्वस्त दिसतो म्हणून हमखास तोच उचलला जातो! रॅम १६ जीबीची एकच पट्टी नको, ८-८ च्या दोन घ्या. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स रॅमच वापरतं, त्यामुळे दोन चॅनेल (रॅमशी देवाणघेवाणीचे दोन रस्ते) मिळाले की फरक डोळ्यांना दिसतो. विंडोजसाठी एसएसडीच, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवण. कॅबिनेट साधं चालेल, पण त्याच्यासोबत फुकट येणारा बिननावाचा पॉवर सप्लाय कृपा करून लावू नका. तो जळताना मदरबोर्डलाही घेऊन जाऊ शकतो.