रोटरी इंजिनाचा आवाज पिस्टनच्या इंजिनापेक्षा इतका वेगळा का येतो?

तुम्ही विचारलंय की माझदा आरएक्स-७ चा, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणाऱ्या रोटरी इंजिनाच्या गाडीचा, व्हिडिओ पाहिला, गाडी चारचाकी असूनही आवाज जुन्या यामाहा आरएक्स १०० च्या जातीचा का वाटला? तुमचा कान अगदी बरोबर आहे. त्या दोन्ही इंजिनांत जळालेला वायू बाहेर सोडायला व्हॉल्व्ह (उघडझाप करणारी झडप) नाही, आणि खरा फरक तिथेच पडतो.

मी योकोहामात राहतो. इथल्या दाइकोकू पार्किंगमध्ये, हायवेच्या गोल वळणाऱ्या पुलांखाली, हौशी लोक आपापल्या गाड्या घेऊन जमतात. एकदा माझ्यापासून दोन हातांवर एक आरएक्स-७ बॉनेट उघडं ठेवून सुरू झाली. पिस्टनच्या गाडीजवळ उभं राहिलं की सायलेन्सरच्या आवाजाखाली शिवणयंत्रासारखी बारीक टिकटिक ऐकू येते, ती टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह उचलणाऱ्या भागांची. इथे ती नव्हतीच. नुसती एक सलग गुणगुण, आणि मालकाने रेस दिल्यावर कानात घुसणारी तार.

पिस्टनच्या इंजिनात जळालेला वायू व्हॉल्व्हमधून बाहेर जातो. कॅम, म्हणजे फिरणाऱ्या दांड्यावरचा उंचवटा, व्हॉल्व्ह हळूहळू उचलतो, फट रुंदावत जाते, त्यामुळे दाब थोडा सावकाश सुटतो. आरएक्स-७ मध्ये तिकोनी रोटरचं टोक एक्झॉस्टच्या भोकावरून सरकतं आणि भोक झपकन उघडं पडतं. वायू टाळी वाजवल्यासारखा फटकन बाहेर येतो. अशा धारदार ठोक्यात वरच्या पट्टीचे सूर भरपूर असतात, म्हणून आवाज फाटका आणि कर्कश लागतो. आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोक इंजिनातही पिस्टन पुढे सरकून भोक उघडतो. तुम्हाला आरएक्स १०० आठवली ती त्यामुळेच.

रोटरी जास्त वेळा पेटते म्हणून आवाज चढा असतो, असं पुष्कळ जण सांगतात. ते चुकीचं आहे. आरएक्स-७ च्या १३बी इंजिनात दोन रोटर आहेत आणि मुख्य शाफ्टच्या एका फेऱ्यात प्रत्येक रोटर एकदा पेटतो, म्हणजे फेऱ्याला दोन ठोके. साध्या चार सिलिंडरच्या गाडीतही फेऱ्याला दोनच. ३,००० आरपीएमला (मिनिटाला ३,००० फेरे) दोघींचे सेकंदाला १०० ठोके. बासरी आणि सनई एकाच सुरावर वाजवली तरी डोळे मिटून ओळखता येते ना, तसंच हे.

मात्र वर-खाली हेलकावणारं वजन रोटरीत नाही. त्यामुळे आरपीएम चढत जातो तरी गाडी थरथरून इशारा देत नाही. माझदाने म्हणूनच आरएक्स-७ मध्ये रेडलाइन, म्हणजे आरपीएमची वरची मर्यादा, जवळ आली की वाजणारा बझर बसवला होता.

आता काही रोटरी गाड्या कमी आरपीएमला करतात ते ‘ब्रप-ब्रप’. ते मूळ इंजिनाचं नाही, बदल केलेल्या इंजिनाचं. हवा आत घेणारा पोर्ट, म्हणजे भोक, कोरून मोठा केला की तो लवकर उघडतो आणि काही क्षण एक्झॉस्टही उघडाच असतो. कमी आरपीएमला जळालेला वायू ताज्या मिश्रणात मिसळतो, एखादी पेट चुकते, पुढची जोरात लागते. आपल्याकडचा मेकॅनिक ऐकून सरळ म्हणेल, मिसिंग मारतंय. आरपीएम वाढला की ते आपोआप सरळ होतं.

रोटरीचा सगळ्यात मोकळा आवाज ऐकायचा असेल तर १९९१ ची फ्रान्समधली २४ तासांची ल मॉं शर्यत जिंकणारी माझदा ७८७बी शोधा. चार रोटर, फेऱ्याला चार ठोके, म्हणजे आठ सिलिंडरच्या व्ही-८ इतकेच; ९,००० आरपीएमला सेकंदाला ६००. मी ती फक्त हेडफोनवर ऐकली आहे, तरी प्रत्येक वेळी अंगावर काटा येतो.

माझदाचीच नंतरची रोटरी गाडी आरएक्स-८ ऐकून मात्र मत बनवू नका. तिच्यात एक्झॉस्टची भोकं बाजूच्या भिंतीत नेली आहेत, आणि आवाज बराच मवाळ झाला आहे.