खडकांवरून गरवण्यासाठी किती बेअरिंगचं रीळ घ्यावं? जाम झालेलं जुनं सुटेल का?

तुम्ही लिहिलंय की मे महिन्यात गुहागरच्या खडकांवर गरवून, म्हणजे गळाने मासे पकडून, आल्यावर रीळ फडक्याने पुसून पिशवीत ठेवलं. दिवाळीत काढलं तर हँडल फिरेना आणि रॉडच्या टोकाची कडीही तांबरलेली. आता दहा-बारा बेअरिंगचं नवं घ्यायचं मनात आहे. घ्या, पण जुनं कशाने गेलं ते आधी समजून घ्या, नाहीतर नवंही त्याच वाटेने जाईल.

तुमचं रीळ समुद्रावर बिघडलेलं नाही, ते घरात, पिशवीत बिघडलं. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते त्याहून कमी आर्द्रतेतही ओलावा धरतं. कोकणातल्या पावसाळ्यात हवा बहुतेक वेळ त्याहून दमटच असते. म्हणजे फडक्याला न लागलेलं, फटींत बसलेलं मीठ चार महिने खारं पाणी होऊन आत राहिलं. त्यात रिळाचं अंग ॲल्युमिनियमचं आणि स्क्रू स्टेनलेसचे असतील तर दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी अशी जोडी जमते, आणि झिजतं ते ॲल्युमिनियम. स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसत असेल तर ती हीच.

जुनं सुटण्याची शक्यता चांगली आहे. ड्रॅगची, म्हणजे मासा ओढू लागला की दोरी ठरावीक ताणावर सुटू देणाऱ्या ब्रेकची, चकती फिरवून स्पूल (दोरी गुंडाळायची चकरी) काढा, मग हँडल, मग बाजूचं झाकण. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो घ्या, विशेषतः ड्रॅगच्या वॉशरांचा क्रम आणि पातळ पितळी चकत्या कुठे होत्या ते. अडलेल्या स्क्रूवर जोर लावू नका; गंज सोडवणारं तेल सोडून रात्रभर ठेवा आणि माथ्यात घट्ट बसणाराच स्क्रूड्रायव्हर वापरा. जुनं घट्ट झालेलं ग्रीस रॉकेलमध्ये ब्रश बुडवून काढा, पण प्लॅस्टिकचे भाग आणि ड्रॅगचे वॉशर त्यापासून लांब ठेवा.

बेअरिंग बोटावर फिरवून बघा. खरखर लागली तर ते बदला. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मिलिमीटरमध्ये मोजून कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात विचारता येतं, रिळाच्या कंपनीचंच हवं असं नाही. मात्र बेअरिंग ज्या खोबणीत बसतं तिथलं ॲल्युमिनियमच खाल्लं गेलं असेल, किंवा गिअरचे दात खडबडीत झाले असतील, तर त्यावर आणखी पैसे घालू नका.

जोडताना ग्रीस गिअरच्या दातांना, पातळ थरात. बेअरिंगला हलक्या तेलाचा एक थेंब. आणि हँडल उलटं फिरू न देणारा जो रोलरचा क्लच असतो, त्याला ग्रीस अजिबात नको. तिथे ग्रीस गेलं की छोटे रोलर चिकटतात आणि नेमका मासा ओढत असताना हँडल उलटं फिरतं. डब्ल्यूडी-40 बद्दल नेहमी विचारलं जातं. ओलावा हटवायला आणि अडलेलं सोडवायला ते ठीक, पण ते ग्रीस धुऊन नेतं आणि स्वतः फार टिकत नाही. वंगण म्हणून त्यावर विसंबू नका.

आता नव्याबद्दल. बेअरिंगचा आकडा बघून रीळ घेऊ नका. खोक्यावरच्या आकड्यात बऱ्याचदा हँडलच्या मुठीतली बेअरिंगंसुद्धा धरलेली असतात, आणि खाऱ्या पाण्यात प्रत्येक जास्तीचं साधं बेअरिंग म्हणजे गंजायला आणखी एक जागा. चार-पाच चांगली आणि नीट झाकलेली पुरतात. दुकानात मी सगळ्यात आधी लाइन रोलर बघतो, दोरी ज्यावरून वळते ती बारीक चाकी. दोरी ताणून ओढली की ती फिरलीच पाहिजे. सगळ्यात जास्त मीठ तिथे येतं आणि सगळ्यात कमी लक्षही तिथेच जातं. ती अडली की दोरी तिच्यावर घासत राहते, आणि माणूस दोष दोरीला देतो.

मग ड्रॅग. हाताने दोरी ओढा. सुरुवातीला हिसका न देता सुटली पाहिजे. कार्बनचे वॉशर असतील तर उत्तम. ‘इतक्या किलोचा ड्रॅग’ या जाहिरातीने भुलू नका, कारण आपण ड्रॅग लावतो तो दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश. 9 किलोची दोरी असेल तर सव्वादोन ते तीन किलो. तांबोशी किंवा गोबरा गरीला लागला की बिळाकडे धावतो, म्हणून एक तृतीयांशाच्या जवळ ठेवा, पण त्याहून जास्त कामाचं नाही. हँडल थेट गिअरमध्ये पेचाने बसणारं घ्या, त्यात खेळ कमी राहतो.

खडकांवर लाटेचे शिंतोडे उडणारच, तेव्हा बजेट असेल तर सील असलेलं रीळ घ्यावं. पेन कंपनीच्या स्पिनफिशर 6 ला आयपीएक्स5 दर्जाचं, म्हणजे पाण्याच्या धारेला टिकणारं, सील आहे. सील म्हणजे देखभालीतून सुटका नव्हे, फक्त उघडण्याची वेळ लांबते. माझ्या मते त्याहून महत्त्वाचं म्हणजे सुटे भाग मिळतात का आणि उघडून जोडता येतं का, हे घेण्याआधी विचारणं. 8-9 फुटी रॉडला 4000 नंबरचं रीळ जुळतं. विणलेली ब्रेडेड दोरी घेणार असाल तर स्पूलवर आधी थोडा साधा तंगूस (नायलॉनची एकेरी दोरी) गुंडाळा, नाहीतर सगळी दोरी स्पूलभोवती घसरत फिरते. पुढे जाड तंगूसाचा लीडर, म्हणजे गळाजवळचा तुकडा, हवाच. कालवांच्या धारेपुढे ब्रेड लगेच कापली जाते.

टोकाची कडी घरी बदलता येते. ती गरम केल्यावर सुटणाऱ्या गोंदाने बसवलेली असते. तिच्या धातूच्या नळीला लायटरची आच काही सेकंद द्या, रॉडच्या कार्बनला नाही, आणि पक्कडीने सरळ ओढा. नळीचा आतला व्यास मोजून तशीच नवी आणा आणि बाकी कड्यांच्या रेषेत बसवा. कडी घेताना आत सिरॅमिकचं वलय बघा. फुजी कंपनीच्या कड्यांत ॲल्कोनाइट आणि सिलिकॉन कार्बाइड ही दोन्ही सिरॅमिकं येतात, आणि ब्रेडेड दोरीला तेच हवं, मऊ धातूत ती चर पाडते. जुन्या कड्यांतून कापसाची काडी फिरवा. कापूस अडकला तर वलयाला तडा आहे. अशी एक तडकलेली कडी नवी दोरी एका दुपारीत खराब करते.

गरवून आल्यावर ड्रॅग घट्ट करा म्हणजे पाणी वॉशरांत जाणार नाही, आणि गोड्या पाण्याची हलकी धार सोडा. जोराचा फवारा नको, बादलीत बुडवणं तर नकोच. दोन्हींनी मीठ आत ढकललं जातं. झटका, पुसा, मग ड्रॅग सैल करून सावलीत वाळवा. लाइन रोलरला थेंबभर तेल. रीळ रॉडवरून दरवेळी काढा, रिळाच्या पायाखाली मीठ साचतं. रॉडच्या सांध्यातली वाळू पुसून तिथे मेणबत्ती घासली की तो अडकत नाही.

मे संपताना एवढं कराच: दोरी काढून गोड्या पाण्यात भिजवून वाळवा, कारण तिच्याखाली राहिलेलं मीठ स्पूलला खातं. रीळ उघडून नवं ग्रीस द्या, प्रत्येक स्क्रूच्या आट्यांनाही थोडं लावा, आणि हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. ती कापडी पिशवी पावसाळ्यापुरती बाजूला राहू द्या. आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला आभाळ गडगडत असेल तर खडकावरून उतरा. कार्बनचा रॉड वीज वाहून नेतो, वरून तारा जात असतील तिथेही तो उभा धरू नका.