बार्लीच्या चोथ्यावर लेकीचं करिअर

ताई, तुमची लेक बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. वाळूजहून तुमच्या गोठ्यावर येणारा बिअर कारखान्यातला बार्लीचा चोथा आंबवून पशुखाद्य करण्याचं काम शिकायचं ती म्हणते, आणि तुम्ही विचारता, "दारूच्या वासात पोरीनं आयुष्य काढायचं का?"

आधी ही शंका मिटवते. बार्लीचा गोड रस गाळला की चोथा बाजूला काढतात. दारू तयार करणारं यीस्ट त्या रसात पडतं, ते नंतर. चोथ्यात दारू नसतेच. 100 लिटर बिअरमागे असा साधारण 20 किलो ओला चोथा निघतो.

अडचण पाण्याची आहे. चोथ्यात पाऊण हिश्शाहून जास्त पाणी, म्हणून उन्हाळ्यात तो दोन-तीन दिवसांत नासतो. वाळवायचा तर इंधन परवडत नाही. मुरघासासारखा हवाबंद दाबला, तर लॅक्टिक आम्ल तयार होऊन टिकतो. गाईला तेवढं पुरतं, कारण तंतू पचवणारे जिवाणू तिच्या पोटातच असतात. कोंबडी आणि मासे यांना मात्र ते तंतू पचत नाहीत. तिथे निवडक बुरशी वाढवून तंतू मोडायचे, प्रथिनांचं प्रमाण वाढवायचं, हे खरं संशोधनाचं काम. लेकीला आधी विचारा: खाद्य कोणत्या जनावरासाठी? पुढचा सगळा अभ्यास त्या उत्तरावर ठरेल.

पशुपोषणाच्या एम.व्ही.एस्सी.ला पशुवैद्यक पदवी लागते, तो रस्ता तिला बंद आहे. मायक्रोबायोलॉजी किंवा बायोटेक्नॉलॉजीची एम.एस्सी. करावी, केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या पाठबळावरच्या अभ्यासक्रमांसाठी गॅट-बी ही प्रवेश परीक्षा असते. कॉलेज निवडताना तिथे घनमाध्यमावरचं किण्वन, म्हणजे चोथ्यासारख्या घट्ट मालावरच सूक्ष्मजीव वाढवणं, प्रत्यक्ष शिकवतात का, एवढं नक्की विचारा. खात्रीचं कल्चर, म्हणजे वाढवायला लागणारं सूक्ष्मजीवांचं शुद्ध विरजण, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या संग्रहातून संस्थेमार्फत मागवता येतं. घरच्या बुरशीवर प्रयोग नकोच! चुकीची बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष सोडते आणि ते गाईच्या दुधात उतरतं.

नोकरी म्हणाल तर पशुखाद्य कारखान्यांच्या गुणवत्ता प्रयोगशाळा, एन्झाइम आणि प्रोबायोटिक कंपन्या आहेत. स्वतःचा धंदा लगेच नको. आधी काही वर्षं दुसऱ्याच्या कारखान्यात हात घाण होऊ देत.

यंदाच्या प्रोजेक्टला तिनं दोन ड्रम भरावेत, एक नुसत्या चोथ्याचा, एक कडबाकुट्टी आणि थोडी उसाची मळी (मोलॅसिस) मिसळलेला. दर आठवड्याला सामू (आम्लता दाखवणारा पीएच), ओलावा आणि प्रथिनं मोजावीत. ड्रमसाठी गोठ्यातला सावलीचा कोपरा तेवढा तुम्ही द्या.