सवलत बघून इमॅजिका गाठताना

भावा, खोपोलीजवळच्या इमॅजिका या थीम पार्कला कोल्हापूरहून स्वस्तात जायचं, तर आधी तारीख ठरवा, मग ऑफर बघा. शाळांच्या सुट्ट्या, शनिवार-रविवार आणि दिवाळी टाळा. जून ते सप्टेंबरमधला मंगळवार-बुधवार बघा. गर्दी कमी, म्हणून सूटही तेव्हा जास्त मिळण्याची शक्यता असते. मात्र विजा कडाडल्या की उघड्यावरचे पाळणे थांबवतात, त्यामुळे पावसाळ्यात छताखालच्या राइड किती आहेत ते आधी मोजा.

नवखे चुकतात ते इथे:
- ऑफर कोणत्या तारखांना चालत नाही, हे न वाचता पैसे भरणे. तिकीट रद्द किंवा पुढे ढकलता येतं का, तेही बघा.
- मुलांची उंची घरी न मोजणे. तिकीट आणि राइड दोन्ही उंचीवर ठरतात, वयावर नाही.

कोल्हापूरहून खोपोली साधारण तीनशे किलोमीटर. आदल्या रात्री लोणावळ्यात मुक्काम करा आणि त्याचा खर्च सवलतीतून वजा करूनच हिशेब मांडा.