जुन्या कुंडातले दगड लाल झालेत, त्यावरून तिथे यज्ञ झाले होते हे सिद्ध होतं का? आग किती तापली होती हे कळतं का?

आग कळते. यज्ञ कळत नाही. दगडाला उष्णता लागते, मंत्र लागत नाहीत.

मी भूविज्ञानात एम.एस्सी. केलं, पण भाजलेला दगड ओळखायला शिकलो घरी. कराडजवळ आमची वीटभट्टी होती. 1998 साली कॉलेजची सहल संडूरच्या लोहखनिजाच्या खाणी बघायला गेली. वाटेत बळ्ळारी-होसपेट रस्त्यावर कुडतिनीजवळ राखेचं मोठं टेकाड लागलं. त्यातून निघालेला एक तुकडा हातात घेतला तर हलका, फेसाळ, करडा-हिरवट, मोडलेल्या कडेला काचेसारखी चमक. सर म्हणाले, "ज्वालामुखीचा खडक, स्कोरिया. लिहून घ्या." आम्ही लिहून घेतलं.

घरी अण्णांनी तो तुकडा उलटासुलटा करून पाहिला. म्हणाले, "ह्यो खंगर हाय. पर मातीचा न्हाई, शेणाचा. आत काड्यांचं ठसं बघ की." भट्टीत ज्या जागी जाळ जास्त बसतो तिथल्या विटा वितळून एकमेकींना चिकटतात, त्याला खंगर म्हणतात, हे तुम्हाला माहीत असेलच. अण्णा सातवी शिकलेले. भिंगाखाली ठसे खरंच होते.

मी जर्नलमध्ये 'खंगर, शेणाच्या राखेचा' असं लिहिलं. तोंडी परीक्षेत सरांनी ते लाल पेनाने खोडलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "इथे वीटभट्टीची भाषा चालणार नाही." ते मी आजही विसरलेलो नाही.

अण्णांचं बरोबर होतं. बळ्ळारीच्या आसपासचे ग्रॅनाइट-नाइस (फार जुने, खोल जमिनीत तयार झालेले कठीण खडक) अडीच अब्ज वर्षांच्या घरातले. तिथे ताजा, फेसाळ, पृष्ठभागावर पडलेला स्कोरिया येणार कुठून? ही टेकाडं नवाश्मयुगातल्या गुराख्यांची. त्यांनी शेणाचे ढीग पुन्हापुन्हा पेटवले. गवतात सिलिकाचे सूक्ष्म कण असतात, ते गाईच्या पोटातून शेणात उतरतात. निव्वळ सिलिका वितळायला 1,700 अंशांच्या पुढे जावं लागतं, पण शेणाच्या राखेत पोटॅश (पोटॅशियमचा क्षार) असतं आणि त्याने ती पुष्कळ कमी उष्णतेला वितळून काच होते. भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांनी एकोणिसाव्या शतकातच शेणाकडे बोट दाखवलं होतं. 1960 च्या सुमारास लंडनचे पुरातत्त्व-अभ्यासक झॉयनर यांनी प्रयोगशाळेत तपासून तेच सांगितलं. म्हणजे आमच्या सहलीच्या जवळपास 38 वर्षं आधी! अण्णांनी यातलं काही वाचलं नव्हतं.

आता तुमचं यज्ञाचं, म्हणजे 'विधी' प्रकरण. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ ऑल्चिन यांनी 1957 मध्ये आजच्या तेलंगणातल्या उटनूरच्या अशाच राखेच्या टेकाडात खणलं तेव्हा राखेच्या थरांत गुरांच्या खुरांचे ठसे सापडले. हे ढीग होळी-पोंगलसारख्या हंगामी सणांना पेटवत असावेत असं त्यांचं मत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पद्दय्या सरांनी कर्नाटकातल्या बुदिहाळच्या राखेच्या टेकाडावर खणलं, तर गोठ्याला लागून घरं आणि जनावरं कापायची जागा मिळाली, म्हणजे तो नांदता गाव होता. हंपीजवळ निंबापूरला लोक अशाच ढिगाला वालीच्या चितेची राख म्हणतात. राख तीच. तिचा अर्थ लावायचा तर आजूबाजूला काय सापडतं ते बघावं लागतं.

तुमच्या दगडांपुरतं सांगतो. पिवळट दगडातलं गोएथाइट (लोखंडाचं पिवळं, पाणी धरलेलं खनिज) 250-300 अंशांना पाणी सोडून हेमॅटाइट (लोखंडाचं लाल खनिज) होतं आणि दगड लाल दिसतो. म्हणजे नुसत्या लालीसाठी फार मोठी आग लागत नाही. क्वार्ट्झ (गारगोटीचं खनिज) 573 अंशांना फुगतं, पण थंड झाल्यावर मूळ रचनेवर येतं, मागे राहतात फक्त तडे. चुनखडी 700 ते 900 दरम्यान फुटून चुना होते आणि तो चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून पुन्हा कॅल्साइट, म्हणजे चुनखडीचंच खनिज, बनतो, म्हणून नुसत्या नजरेने फसायला होतं. दगड आपल्याकडचा काळा पाषाण असेल तर त्याच्या पोकळ्यांतले झिओलाइट नावाचे स्फटिक बघा. त्यांचं नावच मुळी 'उकळणारा दगड' या अर्थाचं आहे, कारण तापल्यावर पाणी सोडून ते फेसाळतात. उघड्या लाकडी जाळाने पाषाण सहसा वितळत नाही, वरचे काही सेंटिमीटर तेवढे बदलतात. म्हणून दगड फोडलेला असेल तर कडेपासून आतपर्यंत रंग कसा उतरत जातो ते आधी पाहा. लाली आरपार सारखी असेल तर ती बहुधा आगीची नाही.

एक्स-रे डिफ्रॅक्शनवर, म्हणजे दगडातली खनिजं ओळखायच्या प्रयोगशाळेतल्या तपासणीवर, पैसे घालण्याआधी जवळच्या वीटभट्टीवर जा. तिथल्या जुन्या माणसाला दगड दाखवा आणि तो जो शब्द वापरेल तो तसाच वहीत लिहा. कोणी खोडला तर पुन्हा लिहा.

हे आधी सांगायला हवं होतं: जांभा मुळातच लाल असतो, आणि वणवा किंवा वीज पडूनही दगड भाजतो. शिवाय खंगर हा भाजलेला खडक नव्हे, ती वितळलेली राख, तेव्हा माझं उदाहरण तुमच्या कुंडाला जसंच्या तसं लागू होत नाही. आणि कुंड खरंच जुनं असेल तर दगड जागचा हलवू नका, भट्टीवाल्यालाच तिथे घेऊन जा.