स्फटिकांवर किरणांचा परिणाम या विषयात पीएचडी केली, तर पुढे पोटापाण्याचं काय?

तुम्ही नाशिकला एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहात, विषय आवडलाय, पण घरचे म्हणतात, ‘दगड भाजायचा पगार कोण देणार?’ माझ्या वडिलांनीही हेच विचारलं होतं, शब्द जरा जास्त लागट होते एवढंच. मी सतरा वर्षं दगडच भाजतोय. सध्या इथल्याच एका कॉलेजात शिकवतो.

एमएस्सीला असताना गॅमा किरण दिलेलं पोटॅशियम क्लोराईड पाहिलं. पांढरी पूड चक्क जांभळी झाली होती. तिथेच मी फसलो. किरणांनी सुटलेले इलेक्ट्रॉन स्फटिकातल्या दोषांत अडकून बसतात, त्याचा तो रंग. काही स्फटिक नंतर तापवले की हे अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि स्फटिक मंद उजळतो. एका मर्यादेपर्यंत जेवढा डोस, म्हणजे शोषलेल्या किरणांची मात्रा, तेवढा उजेड, हेच थर्मोल्युमिनेसन्स. अगदी शुद्ध स्फटिक इथे फारसा उपयोगाचा नाही. कॅल्शियम सल्फेटमध्ये चिमूटभर डिस्प्रोशियम हा धातू घातला की काम होतं. एक्स-रे काढणारे टेक्निशियन अंगावर पडलेला डोस मोजायला छातीवर टीएलडी बॅज लावतात, त्यात आपल्याकडे हेच असतं.

आपल्या जिल्ह्यातही याचा संबंध येतो. लासलगावला बीएआरसीने (भाभा अणुसंशोधन केंद्राने) उभारलेलं ‘कृषक’ केंद्र आहे. कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून तिथे कोबाल्ट-60 चे गॅमा किरण देतात. 2007 मध्ये अमेरिकेला गेलेल्या आंब्यांनाही तिथेच दिले होते. मालाला किरण दिलेत की नाही हे ओळखायची एक रीत म्हणजे त्याला चिकटलेली माती काढायची, तिच्यातले क्वार्ट्झ-फेल्डस्पार या खनिजांचे कण तापवायचे आणि उजेड मोजायचा. निफाडच्या मामांना हे सांगितलं तर म्हणाले, ‘मग भाव कधी चढेल तेही त्या मातीलाच विचार की.’

आता पीएचडीचं. कोबाल्ट-60 सव्वापाच वर्षांत निम्मा होतो. नमुन्यांना त्याचे किरण देणारं आमचं गॅमा चेंबर आधीच म्हातारं, त्यात माझी पीएचडी लांबली, त्यामुळे शेवटी शेवटी तोच डोस द्यायला जवळजवळ दुप्पट वेळ लागायचा. नमुने भाजायची भट्टी 700 अंशांवर असताना लोडशेडिंग झालं की अख्खा लॉट फेकायचा. असे तीन फेकले.

पैशांचं स्पष्ट सांगतो. 2023 पासून जेआरएफला (ज्युनियर रिसर्च फेलोशिपला) महिना 37,000 रुपये आणि वर घरभाडं मिळतं. फेलोशिप नसेल तर पीएचडीला हात घालू नका. ‘स्फटिक अभ्यासक पाहिजे’ अशी जाहिरात मी आजवर पाहिलेली नाही. नोकऱ्या आहेत त्या डोस मोजण्याच्या. रेडिओथेरपी विभागात मेडिकल फिजिसिस्ट लागतो, पण त्यासाठी एमएस्सीनंतर रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा आणि हॉस्पिटलातली इंटर्नशिप करावी लागते. पीएचडीवर ते पद मिळत नाही. बीएआरसीच्या ट्रेनिंग स्कूलला वयाची अट आहे. म्हणून हे दोन दरवाजे आधी वाजवा, पीएचडी नंतर. मी उलट केलं आणि चार वर्षं तासिका तत्त्वावर काढली, त्यातही मानधन दिवाळी उलटून गेल्यावर एकदम यायचं.

संशोधनच करायचं असेल तर वाटा आहेत. दिल्लीच्या आययूएसीत (इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरमध्ये) पेलेट्रॉन या कणवेगकावर जड आयनांचा मारा करून नमुने तपासता येतात. अहमदाबादच्या पीआरएलमध्ये (फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीत) याच उजेडावरून वाळूच्या थरांचं वय काढतात. हे मला फार आवडतं, पण तिकडे जायचं राहून गेलं.

पुढच्या वर्षीचा प्रोजेक्ट मात्र याच विषयात घ्या. गाईडचे पेपर नंतर मोजा, आधी त्यांच्या लॅबमधला टीएल रीडर, म्हणजे नमुना तापवून हा उजेड मोजणारं यंत्र, चालू आहे का ते विचारा. आमचा फोटोमल्टिप्लायर या उजेड टिपणाऱ्या भागाची वाट बघत दीड वर्ष बंद होता.